अयुथ्येचा पूर आणि न्यूयॉर्कचा शेअरबाजार

थायलंडच्या जुन्या राजधानीचे अयुथ्या हे नाव अयोध्येवरून आले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु जगातील संगणकांची स्मरणशक्ती तिच्या परिसरात घडत असे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. चाओ फ्राया नदीच्या सखल खोऱ्यात, भातखाचरांच्या जागी, औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या होत्या. २०११ च्या ऑक्टोबरात नदीने ती जमीन परत घेतली. सात वसाहती बुडाल्या. त्या वर्षीच्या पुरात ८०० हून अधिक माणसे दगावली. ‘वेस्टर्न डिजिटल’ कंपनीचा बँग पा-इन येथील कारखाना पाण्याखाली गेला आणि यंत्रे वर काढण्यास पाणबुडे उतरवावे लागले. जगातील सुमारे ४० टक्के हार्ड डिस्क त्या काळी थायलंडात तयार होत. डिस्क फिरविणारी चिमुकली मोटर पुरविणाऱ्या ‘निडेक’ या जपानी कंपनीचे कारखानेही या पुरात सापडले.

इकडे युरोपात निराळाच पूर चढत होता. ग्रीसपाठोपाठ इटलीचीही पत डळमळली. ९ नोव्हेंबर रोजी इटलीच्या कर्जरोख्यांवरील व्याज ७ टक्क्यांपलीकडे गेले, आणि त्या एका दिवसात न्यूयॉर्कचा डाउ जोन्स निर्देशांक ३८९ अंकांनी खाली आला. अशा दिवशी शेअर विकणारा मनुष्य कंपनीची जमाखर्चाची वही उघडून पाहात नाही.

१२ डिसेंबर रोजी ‘इंटेल’ने तिमाहीच्या विक्रीचा अंदाज १,४७० कोटी डॉलरांवरून १,३७० कोटींवर आणला. वास्तविक इंटेलचा एकही कारखाना थायलंडात नव्हता, की तिच्या मालात खोट नव्हती. पण डिस्कवाचून संगणक पुरा होत नाही; मग चिप विकत घेऊन ठेवणार कोण? नेमक्या त्याच दिवशी ‘मूडीज’ संस्थेने युरोपीय देशांच्या पतीचा फेरविचार करण्याचे जाहीर केले. इंटेलचा शेअर सुमारे ४ टक्के उतरला. त्यात पुराचा वाटा किती आणि युरोपच्या धास्तीचा किती, हे कोणी निवडून सांगावे? पुढे प्रत्यक्ष विक्री १,३९० कोटींची भरली.

‘सीगेट’ ही वेस्टर्न डिजिटलची प्रतिस्पर्धी. तिचेही कारखाने थायलंडातच. पण ते कोरडे राहिले. सुटे भाग मिळविताना तिचीही ओढाताण झाली, मात्र टंचाईमुळे डिस्कचे भाव कडाडले होते. मार्च २०११ च्या तिमाहीत ९ कोटी ३० लाख डॉलर असलेला तिचा नफा मार्च २०१२ च्या तिमाहीत ११० कोटींच्या वर गेला.