कर्जत-खालापूरचा वाचक ई-पुस्तकाकडे का वळेल?

सामान्य वाचक कागद सोडून ई-पुस्तक का हाती घेईल, याचे उत्तर यंत्रापेक्षा त्याच्या दिनक्रमात सापडते. कर्जत ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर १०० किलोमीटर, लोकलने साधारण दोन तास. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीकराला आणखी १५ किलोमीटर. इतका सलग वेळ नोकरदाराला घरी मिळत नाही. पण एक हात कडीला अडकलेला असताना जाडजूड कादंबरीचे पान उलटणार कसे? मोबाइलवर ते काम अंगठा करतो.

दुसरे कारण पावसाचे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल, बुरशी आणि कसर यांपासून कपाटातली पुस्तके जपणे हे दर पावसाळ्याचे कामच होऊन बसते.

तिसरे, पुस्तक मिळण्याचे. मोठ्या निवडीसाठी दादर किंवा पुणे गाठावे लागते. बुकगंगासारख्या संकेतस्थळांनी ते अंतर पुसले. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके आली. ई साहित्य प्रतिष्ठान तर ई-पुस्तके विनामूल्य देते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून सर्वांना मोकळे आहे.

तरीही माझ्या मते वाचक टिकतो की परततो, हे ठरते अक्षरांवर. मराठी प्रकाशनव्यवहार दीर्घकाळ युनिकोडपूर्व फॉन्टवर चालला. त्या फाइलींचे ई-पुस्तक करण्याचा सोपा मार्ग म्हणजे पीडीएफ. पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे गोठलेले असते: अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. चाळिशी लागलेला वाचक दहा मिनिटांत कंटाळतो, यात त्याचा दोष नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या ‘ई-पब’ स्वरूपातल्या पुस्तकात अक्षर वाढले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. ज्येष्ठांना ई-पुस्तकाचा खरा लाभ हाच, आणि प्रकाशकांनी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा, मुद्रितशोधनाचा खर्च सोसल्याशिवाय तो मिळणार नाही.

कागदाची एक बाजू मात्र भक्कम राहते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. शिवाय विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा आपल्या खात्यापुरतेच असते. ते शेजारच्या काकूंना वाचायला देता येत नाही, गावच्या वाचनालयाला भेटही देता येत नाही. जिथे एक प्रत चार घरे फिरते, त्या वाडीत आजही कागदच स्वस्त पडतो.