सर्किट बोर्डावर पार्ट बसवणारं मशीन : माणसाचं काम कुठे उरतं?

युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) : दहावी-आयटीआय करून पुण्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या मुला-मुलींना ‘एसएमटी ऑपरेटर पाहिजे’ अशी जाहिरात दिसली, तर हे काम नेमकं काय, ते घरच्यांनाही कळावं म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

एसएमटी म्हणजे काय?
सरफेस माउंट टेक्नॉलॉजी. पूर्वी पार्टचे पाय बोर्डाच्या भोकांतून काढून कावियाने झाळायचे. आता मोबाईल, टीव्ही, वीजमीटरमधले बहुतेक पार्ट बोर्डाच्या वरच बसतात. ‘०४०२’ मापाचा रेझिस्टर जेमतेम १ मिमी लांब नि अर्धा मिमी रुंद. हाताने असे शेकडो बसवणं परवडत नाही.

लाईन कशी चालते?
आधी जाळीच्या पत्र्यातून बोर्डावर सोल्डर पेस्ट छापतात. मग पिक अँड प्लेस मशीन कॅमेऱ्याने बोर्डावरच्या खुणा पाहतं, रिळातला पार्ट हवेच्या ओढीने नळीच्या टोकावर उचलतं, सरळ करतं आणि पेस्टवर ठेवतं. वेगवान मशीन तासाला हजारो पार्ट बसवतं. पुढे भट्टीत सुमारे २४० अंश सेल्सिअसला पेस्ट वितळून पार्ट पक्के होतात. शेवटी कॅमेऱ्याने तपासणी.

माणूस कशाला लागतो?
एकच मशीन सकाळी एलईडीचा बोर्ड करतं, दुपारी मीटरचा. पण दर वेळी प्रोग्रॅम बदलावा लागतो, रिळं लावावी लागतात, नळ्या बदलाव्या लागतात. दिसायला सारखंच पण वेगळ्या किमतीचं रीळ लागलं, तर मशीन तीच चूक बोर्डामागून बोर्डात करत राहतं. म्हणून पहिला बोर्ड नीट तपासल्याशिवाय लाईन सोडत नाहीत. खरा हुनर इथेच आहे. नुसतं बटण दाबणाऱ्यापेक्षा ही जुळवणी जमणारा माणूस पुढे जातो.

काम कुठे, तालीम कुठे?
पुण्याजवळच्या रांजणगावात इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत. तिथे आणखी एक इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह उभारायला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. जागा सुमारे २९७ एकर. शिक्षणासाठी आयटीआयचा ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या आवारात, ‘नायलिट’ ही केंद्र सरकारची संस्था आहे.

घरच्यांनी काय विचारावं?
प्रवेश घेताना एकच विचारा : पोरांना मशीनवर प्रत्यक्ष हात लावायला मिळणार का, की फक्त फळ्यावर शिकवणार? ॲप्रेंटिस म्हणून घेतलं तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे विद्यावेतन मिळायला हवं. करार लेखी घ्या. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर देऊ नका. मेहनतीची कमाई आहे ती.