उंबरठ्यातला गंज

एमजीबी बघायला गेलेलं जाणकार गिऱ्हाईक 'इंजिन सुरू करून दाखवा' असं सुरुवातीला म्हणतच नाही. ते आधी दाराशी उकिडवं बसतं. दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघतं, दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवतं, मग गाडी एका बाजूने जॅकवर घेऊन तेच दार पुन्हा उघडून लावून बघतं. फट बदलली, दार घासायला लागलं, की पाहणी तिथेच आटोपते. पण या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारबद्दल 'काम निघालंय, पण स्वस्तात मिळतेय, घ्यावी का' अशा विचारात पडलेल्या बहुतेकांचं लक्ष भलतीकडेच असतं. धूर किती मारते, गिअर सहज पडतात का, कापडी हूड कुठे फाटलंय. माझ्या मते या गाडीच्या बाबतीत घ्यावी की न घ्यावी याचा निकाल दाराखालच्या वीतभर पत्र्यावर लागतो, आणि तो तिथेच का लागतो हे तिच्या इतिहासात शिरल्याशिवाय नीट कळत नाही.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिसचा गाड्यांच्या विक्री-दुरुस्तीचा धंदा होता. तिथल्या सेसिल किंबरने 1920 च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली आणि 1929 मध्ये हा कारभार थेम्सकाठच्या अ‍ॅबिंग्डनला गेला. 1955 साली तिथे सुरू झालेल्या एमजीएला जुन्या पद्धतीची स्वतंत्र चासी होती. वरची बॉडी कुजली तरी खालचा सांगाडा गाडीला तोलून धरायचा. 1962 साली आलेल्या एमजीबीत चासीच काढून टाकली आणि सगळा भार पत्र्याच्या एकसंध पेटीवर दिला. त्यातून फायदा खरोखरच झाला. गाडी एमजीएपेक्षा सुमारे तीन इंच आखूड झाली आणि तरीही आत जागा वाढली. मात्र उघड्या टपाच्या गाडीत हा व्यवहार महाग असतो. बंद मोटारीचं छप्पर वरच्या तुळईचं काम करतं. इथे छप्परच नाही. त्यामुळे गाडी मधे वाकू नये म्हणून जे बळ लागतं ते गिअरबॉक्स झाकणाऱ्या मधल्या बोगद्यातून आणि दोन्ही दारांखालच्या सिलमधून काढावं लागतं. सिल म्हणजे मोटारीचा उंबरठाच. एमजीबीत तो एकेरी नाही. आतला पत्रा, बाहेरचा पत्रा, दोघांच्या मधे उभा पडदा आणि खाली 'कॅसल रेल' नावाची घडी घातलेली पट्टी, अशी ही पोकळ पेटी आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल चाकावरच्या पत्र्याच्या, म्हणजे विंगच्या, मागच्या कोपऱ्यात अडकतो आणि दिवसच्या दिवस ओला राहतो. त्यात इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. गंज आतून बाहेर चालत येतो. रंगाला फोड आलेला दिसेपर्यंत आतला पडदा बहुधा गेलेलाच असतो. घराचा उंबरठा झिजला म्हणून घर पडत नाही. इथे मात्र उंबरठ्याच्याच अंगावर तुळईचं काम आहे.

यंत्राची गोष्ट अगदी उलट. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन 'बी-सिरीज' घराण्यातलं आहे, आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडलेलं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन त्याचंच भावंड. ज्या मिस्त्रीने अ‍ॅम्बेसेडरचं हेड उतरवलंय त्याला एमजीबीचं बोनेट उघडल्यावर परक्या घरी आल्यासारखं वाटणार नाही. दोन एसयू कार्बुरेटर, बाजूने ढकलदांड्यांवर चालणारे व्हॉल्व्ह, हात घालायला ऐसपैस जागा. 1964 पासून क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंगं आली आणि इंजिन आणखी चिवट झालं. ही रचना स्पोर्ट्स कारसाठी जन्मलेली नव्हतीच. कुटुंबाच्या साध्या गाड्यांसाठी ती लाखोंनी बनली. म्हणून तिचा खर्च माणसाला आधी मोजता येतो. ऑइल खाणारं इंजिन, खरखरणारा गिअरबॉक्स किंवा घसरणारा क्लच असला तर खरेदीदाराने घाबरण्यापेक्षा भाव पाडून मागावा. काय बदलायचं आणि काय लागेल याचा अंदाज सुरुवातीलाच बांधता येतो. पत्र्याचं तसं नसतं. ग्राइंडर लावून बाहेरचा सिल कापेपर्यंत आत काय शिल्लक आहे ते मिस्त्रीलाही सांगता येत नाही, आणि कापल्यावर 'राहू दे' म्हणण्याची सोय उरत नाही.

आता कोणी म्हणेल की पत्रा तरी कुठे दुर्मीळ आहे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यामागचा इतिहास मोठा गमतीचा. एमजीबी आणि तिची बंद टपाची बहीण जीटी मिळून पाच लाखांहून अधिक बनल्या आणि त्यातला फार मोठा वाटा अमेरिकेला गेला. अमेरिकी नियमांपायीच 1974 च्या अखेरीस क्रोमच्या जागी काळे जाडजूड रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढवावी लागली आणि वळणावरची तिची पकड बिघडली. सप्टेंबर 1979 मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा आटोपताच तो बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर 1980 मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. एरवी गाडीचं मरण इथेच लिहिलेलं असतं, कारखाना गेला की पाठोपाठ सुटे भाग जातात. इथे तसं झालं नाही. मालकांचे मोठमोठे क्लब होते आणि त्यांच्या भरवशावर सुट्या भागांचा व्यापार वाढत गेला. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुने साचे शोधून काढून एमजीबीची कोरी करकरीत बॉडी विकायला ठेवली. उत्पादन बंद झाल्यावर आठ वर्षांनी अख्खी नवी बॉडी! ही बॉडी इतकी पक्की ठरली की तिच्याच आधाराने, तेव्हा एमजीची मालकी असलेल्या खुद्द रोव्हर कंपनीने 1992 मध्ये व्ही-8 इंजिनाची आरव्ही8 बाजारात आणली. सुमारे दोन हजार गाड्या बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या.

पण माझा मुद्दा नेमका या सुबत्तेतूनच पुढे जातो. सगळं मिळतं, म्हणून कोणतीच एमजीबी असाध्य नसते. आणि असाध्य नसते म्हणून तिच्यावर खर्च करत राहण्याला तळ लागत नाही. दुसरीकडे पाच लाखांच्या पिढीतून आणि नव्या बॉड्यांवर उभारलेल्यांतून चांगल्या गाड्याही बाजारात कायम असतात, त्यामुळे चांगल्या एमजीबीचा भाव आटोक्यात राहतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की हिशेब उघड आहे. सडलेली गाडी घेऊन नीट केली तर खर्चाची बेरीज नीट केलेल्या गाडीच्या किमतीपलीकडे जाते. बाजारानेही हे फार पूर्वी ओळखलं होतं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या एमजीबी ब्रिटिश व्यापाऱ्यांनी जहाजात घालून परत आणायला सुरुवात केली. त्यांचे डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले, गाद्या फाटलेल्या, रंग उडालेला, वर स्टीअरिंग चुकीच्या बाजूला. तरीही लोक समुद्रापारचं भाडं भरून आणि स्टीअरिंग उजवीकडे घेण्याचा खटाटोप करून त्या विकत घेत होते. घराजवळ स्वस्तात उभी असलेली, योग्य बाजूला स्टीअरिंग असलेली, पण उंबरठा गेलेली गाडी त्यांना नको होती. इतकी माणसं स्वतःच्या खिशाला चाट लावून एकच उत्तर देतात, तेव्हा ते उत्तर मी तरी कोणत्याही सल्ल्याहून प्रमाण मानेन.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की काम स्वतः केलं तर मजुरी कशाला धरायची. इंजिनापुरतं ते मान्य आहे. हाती पाना धरून ही गाडी चालती ठेवणाऱ्या मालकांची पिढीच्या पिढी होऊन गेली. सिल बदलणं मात्र त्या जातीचं काम नव्हे. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मधेच खचते. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडणी वेल्ड करून आकार धरून ठेवायचा, एका वेळी एकच बाजू कापायची आणि दर टप्प्याला दार लावून फट मोजायची. एकदा वाकड्या अवस्थेत वेल्ड झालं की ते वाकडेपण कायमचं. बाजारातल्या कितीतरी 'रिस्टोअर केलेल्या' गाड्यांचा उगम या कंटाळ्यात आहे. गंजक्या पेटीवरच नवा बाहेरचा पत्रा ठोकायचा, वरून पुटी, वरून रंग. लोहचुंबक घेऊन उकिडवं बसणारं गिऱ्हाईक शोधत असतं ते हेच.

भावनेचा आक्षेप उरतो: हिशेबच बघायचा तर जुनी स्पोर्ट्स कार घ्यावीच कशाला, आणि सडलेली गाडी वाचवणं हे पुण्याचं काम नाही का? पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाही. हौसेला मोल नसतं. पण वाचवण्याचा दावा दुर्मीळ वस्तूला शोभतो. 1965 पर्यंतच्या, बाहेर ओढायच्या मुठीच्या दारांच्या सुरुवातीच्या एमजीबी त्यात बसतील. त्या पदरमोड करून उभ्या केल्या तर मी बोलणार नाही. 1970 च्या दशकातली रबरी बंपरवाली, सिल गेलेली गाडी मात्र सुटी करून चार भावंडांना वाटली तर जास्त एमजीबी रस्त्यावर राहतील. शिवाय एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. ब्रिटनमध्ये 1960 पासून जुन्या गाड्यांची एमओटी ही सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि पुढे सडलेल्या सिलची गाडी तिच्यात नापास होऊ लागली. मालकाला आवडो न आवडो, कोणीतरी त्रयस्थ माणूस दरवर्षी तिच्या पोटाखाली टॉर्च मारत होता. 2018 पासून मोठे बदल न केलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. शेवटच्या एमजीबीनेही 2020 मध्ये चाळिशी गाठली. त्यामुळे आज विकायला आलेल्या एमजीबीखाली शेवटचं कोणी कधी वाकून बघितलं, याचा कागद असेलच असं नाही.