वृत्तवाचनातून इंग्रजी शब्दार्जन : ‘दर्पण’ ते समाजमाध्यमे

प्रास्ताविक

समाजमाध्यमे व तंत्रज्ञानविषयक बातम्या यांतून इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविणे ही आजच्या विद्यार्थ्याची नित्याची रीत होय. ती नवी मानली जाते. तथापि वृत्तवाचनातून परभाषेचे शब्द आत्मसात करण्याची परंपरा महाराष्ट्रात जवळजवळ दोन शतकांची आहे. या परंपरेत काय टिकले व काय हरपले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दोन स्तंभांचे वाचन

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. एतद्देशीयांत इंग्रजी विद्येची अभिरुची वाढविणे हा त्याचा एक हेतू होता. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यापूर्वीच ‘दर्पण’च्या वाचकाला शब्द, प्रसंग आणि अर्थ एकत्र लाभत होते.

तंत्रज्ञान आणि नवे शब्द

नवे तंत्र नवा शब्द घेऊन येते आणि वृत्तपत्रे तो रुजवितात. ‘टेलिग्राम’ हा शब्द १८५२ मध्ये अमेरिकेतील ऑल्बनी येथील वृत्तपत्राने सुचविला. ग्रीक व्याकरणाच्या आधारे विद्वानांनी त्यावर आक्षेप घेतला, तरीही तो रूढ झाला. मराठीने मात्र वाहक तारेचेच नाव संदेशाला देऊन ‘तार’ हा सुबोध शब्द घडविला.

समाजमाध्यमांनी हीच प्रक्रिया अधिक वेगवान केली. ‘हॅशटॅग’ची कल्पना २००७ मध्ये मांडली गेली, २०१४ मध्ये तो शब्द ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात आला. ‘ट्वीट’चा नवा अर्थ तर दहा वर्षांच्या प्रचाराचा संकेत बाजूला सारून जून २०१३ मध्येच नोंदविला गेला. पुढच्याच महिन्यात भारतातील तारसेवा बंद झाली. २०२३ मध्ये ट्विटरचे नावही बदलले. साधन लोपले तरी शब्द उरतो, तो असा. उलटपक्षी, २००९ मध्ये नवा म्हणून गाजलेला ‘अनफ्रेंड’ सतराव्या शतकातील इंग्रजीतही क्रियापद म्हणून आढळतो.

निष्कर्ष

कोशापूर्वी वृत्तातून शब्द भेटणे ही बाब कायम राहिली आहे; हरपला आहे तो शेजारचा मराठी स्तंभ. आजचा विद्यार्थी ‘ट्वीट’ जाणतो, परंतु पक्ष्याची बारीक किलबिल हा त्याचा मूळ अर्थ त्याला ठाऊक असतोच असे नाही. परिणामी शब्दांची संख्या वाढते, परंतु अर्थाची खोली वाढत नाही. माध्यमांना दोष देऊन ही उणीव भरून निघणार नाही. विद्यार्थ्याने जमविलेल्या प्रत्येक शब्दापुढे कोशातील अर्थ, पूर्वीचा वापर व मराठी पर्याय लिहवून घेणे अध्यापकाला सहज शक्य आहे. जांभेकरांनी मुद्रित केलेला दुसरा स्तंभ आता वर्गात लिहिला जाणे अगत्याचे आहे.