पहिल्या महायुद्धातील पोर्तुगाल : फ्लँडर्सचे खंदक आणि मोझांबिकचे भारवाहक

पहिल्या महायुद्धाचा इतिहास शिकवताना ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व रशिया यांच्याभोवतीच बहुतेक विवेचन फिरते. लहान मित्रराष्ट्रांच्या वाट्याला एखाददुसरे वाक्य येते. पोर्तुगालच्या बाबतीत ते वाक्य बहुधा 1918 च्या एप्रिलमधील लीस नदीकाठच्या पराभवाचे असते. परंतु पोर्तुगालने हे युद्ध दोन खंडांत लढले आणि त्यामागचा मूळ हेतू युरोपातील नव्हे, तर आफ्रिकेतील होता. फ्रान्समधील आघाडीपुरतेच पाहिले, तर या युद्धाची सर्वांत मोठी किंमत कोणी मोजली, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. गोवा, दमण व दीव त्या काळी याच सत्तेखाली असल्याने आपल्या भागातील वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही.

युद्धात उतरण्याची कारणे

5 ऑक्टोबर 1910 रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक स्थापन झाले. या नव्या राज्यापुढे दोन चिंता होत्या. युरोपातील राजघराणी त्याच्याकडे संशयाने पाहत होती, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर होती. पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहती परस्पर वाटून घेण्याविषयी ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात 1898 मध्ये गुप्त करार झाला होता, आणि महायुद्धापूर्वीच्या दोन वर्षांत त्याच विषयावर पुन्हा वाटाघाटी झाल्या होत्या. पोर्तुगाल व इंग्लंड यांची मैत्री 1373 च्या तहापासूनची. पण जुना मित्रच आपला मुलूख दुसऱ्याला देऊ करतो, हे लिस्बनला कळून चुकले होते. प्रजासत्ताकाच्या एका गटाचे मत असे झाले, की तहाच्या मेजावर बसायचे असेल तर रणांगणावर रक्त सांडलेच पाहिजे.

ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटनच्या इच्छेनुसार पोर्तुगालने ना तटस्थता जाहीर केली, ना युद्ध. मात्र आफ्रिकेत चकमकी लगेच सुरू झाल्या. ऑगस्टमध्येच रोवुमा नदीवरील माझिउआ या ठाण्यावर जर्मन हल्ला झाला. 18 डिसेंबर 1914 रोजी दक्षिण अंगोलातील नाउलिला येथे जर्मन फौजेने पोर्तुगीजांना माघार घ्यायला लावली. फेब्रुवारी 1916 मध्ये ब्रिटनच्या मागणीवरून पोर्तुगालने आपल्या बंदरांत अडकून पडलेली जर्मन जहाजे जप्त केली. त्यांत गोव्यातील मार्मागोवा बंदरातील जहाजेही होती. यावर 9 मार्च 1916 रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले.

फ्रान्समधील आघाडी

फ्रान्सला पाठवायची फौज उभी करण्याचे काम युद्धमंत्री नॉर्टन द मातुश यांनी केले. हेच गृहस्थ 1898 नंतरची काही वर्षे गोव्यात जमीन मोजणी खात्याचे प्रमुख होते. 1916 मध्ये तांकुश येथील छावणीत शेतकरी कुटुंबांतील तरुणांना काही महिन्यांत प्रशिक्षण देण्यात आले. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. जानेवारी 1917 च्या अखेरीस पहिली तुकडी लिस्बनहून निघाली. पुढे दोन डिव्हिजन मिळून सुमारे 55 हजार सैनिक फ्रान्समध्ये पोहोचले. जनरल तामान्यीनी यांच्या नेतृत्वाखालील ही फौज ब्रिटिश लष्कराच्या आधिपत्याखाली फ्लँडर्समधील सखल, चिखलाच्या पट्ट्यात तैनात झाली.

त्यानंतरच्या काळात या फौजेकडे मायदेशाचे दुर्लक्ष झाले. अमेरिकन सैन्य आणण्यासाठी ब्रिटिश जहाजे वळवली गेली. डिसेंबर 1917 मध्ये सिदोनियु पाइश यांनी लिस्बनमध्ये सत्ता बळकावली आणि कुमक जवळपास थांबली. रजेवर गेलेले कित्येक अधिकारी परतले नाहीत. सामान्य सैनिकाला रजाच मिळेना. एप्रिल 1918 च्या सुरुवातीस एका बटालियनने खंदकात परत जाण्यास नकार दिला. शेवटी ही फौज आघाडीवरून मागे घेण्याचे ठरले.

9 एप्रिलला बदली व्हायची होती. त्याच पहाटे जर्मन तोफा धडाडल्या. जनरल गोमिश द कॉश्ता यांच्या हाताखालील एकट्या दुसऱ्या डिव्हिजनकडे तेव्हा सुमारे 11 किलोमीटरची आघाडी होती. सुमारे 400 सैनिक ठार झाले व साडेसहा हजारांच्या आसपास कैद झाले. अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दोषाचे खापर पोर्तुगीजांवर फोडले. परंतु त्याच वसंत ऋतूत याहून सुसज्ज ब्रिटिश डिव्हिजनही अशाच हल्ल्यांपुढे मागे हटल्या होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. आनिबाल मिल्याइश या सैनिकाने लुईस मशीनगन चालवत माघार घेणाऱ्यांना आडोसा दिला व तो पुढे राष्ट्रीय वीर ठरला. रिशबूर येथील पोर्तुगीज दफनभूमीत आज 1,831 कबरी आहेत.

आफ्रिकेतील आघाडी

मोझांबिक हा मुलूख 1752 पर्यंत गोव्याहूनच चालवला जात असे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर इबू, अंगोशे यांसारखी मुस्लिम व्यापारी गावे शतकानुशतके नांदत होती, आणि हिंदी महासागराच्या व्यापाराने ती पश्चिम भारताशी जोडलेली होती. 1914 ते 1917 या काळात पोर्तुगालने या भागात एकामागून एक चार फौजा पाठवल्या. मलेरिया, आमांश आणि ढिसाळ व्यवस्था यांमुळे शत्रूच्या गोळीपेक्षा आजारानेच अधिक माणसे दगावली. एप्रिल 1916 मध्ये जर्मनांनी 1894 साली घेतलेला किओंगाचा छोटा त्रिकोण परत मिळाला. पण रोवुमापलीकडे नेवाला घेण्याचा प्रयत्न त्याच वर्षी अंगलट आला.

25 नोव्हेंबर 1917 रोजी जर्मन सेनानी लेट्टो-फोरबेक रोवुमा ओलांडून मोझांबिकमध्ये शिरला. नेगोमानो येथील पोर्तुगीज ठाणे त्याने जिंकले. तेथील रायफली, काडतुसे, औषधे व अन्न यांच्या बळावर त्याची थकलेली फौज पुन्हा उभी राहिली. जुलै 1918 मध्ये किलिमानेजवळील नामाकुर्रा येथे पोर्तुगीज-ब्रिटिश संयुक्त ठाण्याचीही तीच गत झाली. दहा महिने ही फौज मोझांबिकभर फिरत राहिली आणि वाटेवरच्या गावांतील धान्य व माणसे घेऊन गेली.

या मोहिमांचा सारा भार स्थानिक माणसाच्या डोक्यावर होता. रस्ते नव्हते, त्सेत्से माशीमुळे जनावरे टिकत नव्हती. म्हणून दारूगोळा, धान्य, तंबू सारे माणसांनीच वाहायचे. त्यासाठी हजारो लोकांना गावागावांतून धरून आणले गेले. आपल्याकडे ज्याला वेठबिगार म्हटले जाई, त्याचेच हे अधिक क्रूर रूप होते. मार्च 1917 मध्ये झांबेझी खोऱ्यात बारुए लोकांनी बंड केले. भारवाहकांची सक्तीची भरती आणि रस्त्यांवरील वेठ ही त्याची प्रमुख कारणे होती. जर्मनांविरुद्ध उभ्या असलेल्या राज्याला त्याच वेळी आपल्याच प्रजेविरुद्ध फौज वापरावी लागली. प्रजेच्या दृष्टीने हे युद्ध कोणाचे होते, याचे उत्तर या बंडात मिळते.

फलित

1919 च्या व्हर्सायच्या तहात पोर्तुगालला किओंगा मिळाले आणि वसाहती शाबूत राहिल्या. म्हणजे युद्धात उतरण्याचा मूळ हेतू साधला. परंतु ब्रिटनचे कर्ज, महागाई आणि लष्करातील असंतोष यांनी प्रजासत्ताक खिळखिळे झाले. 28 मे 1926 च्या लष्करी उठावाचे नेतृत्व लीसचेच गोमिश द कॉश्ता यांनी केले. त्यातून जी हुकूमशाही आली, तिने 1930 च्या वसाहत कायद्याने गोव्यासह सर्व वसाहतींवरील पकड घट्ट केली. गोव्यात ती 1961 पर्यंत टिकली. वसाहती वाचवण्यासाठी प्रजासत्ताकाने स्वतःलाच पणाला लावले आणि वसाहतींतील माणसाच्या पदरी अधिक कडक राजवट पडली, असा हा हिशेब आहे.

9 एप्रिल 1921 रोजी बाताल्या येथील मठात दोन अज्ञात सैनिकांचे दफन झाले, एक फ्लँडर्सचा व एक आफ्रिकेचा. युद्ध दोन खंडांत झाले, याची ती अधिकृत कबुली होती. सैनिकाला निदान अज्ञात म्हणून तरी जागा मिळाली. भारवाहकांच्या मृत्यूंची मात्र धड गणतीही ठेवली गेली नाही. वर्गात लीसची लढाई शिकवताना तिच्या शेजारी नेगोमानो आणि बारुए ही नावे फळ्यावर लिहिली, तर लहान राष्ट्राचा पराक्रम किंवा पराभव एवढ्यावर विद्यार्थी थांबणार नाहीत. एका लहान राष्ट्राने आपला सन्मान कोणाच्या खांद्यावरून वाहून नेला, हा प्रश्नही ते विचारतील.