चाकचालन, पुढील व मागील
इंजिनाची ताकद मोटारीच्या पुढच्या की मागच्या चाकांना मिळते, यावरून ठरणारी गाडीची चालरचना.

सिट्रोएनने १९३४ मध्ये आणि ‘मिनी’ने १९५९ मध्ये पुढील चालन रुळवले. भारतात अँबॅसॅडर, पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. १९८३ची मारुती ८०० पुढच्या चाकांवर चाले.

पुढील चालनात तीच चाके गाडी ओढतात आणि वळवतातही, त्यामुळे वेग वाढल्यास गाडी वळणाबाहेर सरकते. मागील चालनात निसरड्या वळणावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यास मागचा भाग घसरतो (पहा : घर्षण). भोर–महाड रस्त्यावरील वरंधा घाटात किंवा वेल्ह्याच्या चढांवर भार मागे झुकतो. त्यामुळे पावसात ओल्या मातीवर पुढील चालनाच्या गाडीची पुढची चाके जागीच फिरू लागतात. मागील चालनाच्या भरलेल्या बोलेरोला तिथे पकड बरी मिळते.

स्थिरता-नियंत्रण प्रणालीमुळे (पहा : ब्रेक) नव्या गाड्यांत हा फरक कमी जाणवतो.