तरणतलावाचे पाणी : उपसावे की राखावे?

बंगल्यातील तरणतलावाचे पाणी हिरवे झाले, की ते उपसून टाकण्याचा विचार प्रथम मनात येतो. मात्र आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८ हजार लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. पुण्यासारख्या शहरात, जेथे उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांची भिस्त टँकरवर असते, तेथे हा निर्णय तपासणीखेरीज घेऊ नये.

हिरवा रंग बहुधा शेवाळाचा असतो. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ दरम्यान आणून क्लोरीनची वाढीव मात्रा दिल्यास, तळ व भिंती घासल्यास आणि गाळणयंत्र सलग चालविल्यास पाणी सहसा निवळते.

सायन्युरिक आम्लाची गोष्ट निराळी. ट्रायक्लोरच्या गोळ्यांमधून ते साठत जाते आणि पाण्याच्या वाफेबरोबर उडून जात नाही. त्याचे प्रमाण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास क्लोरीनचा प्रभाव मंदावतो. अशा वेळी पाणी बदलणे हाच खात्रीचा उपाय. तोही अंशतः पुरतो. निम्मे पाणी बदलल्यास आम्लही निम्म्यावर येते. वाढलेल्या क्षारांनाही हाच हिशेब लागू आहे. परंतु कूपनलिकेचे पाणी मुळातच जड असेल, तर लाभ थोडाच. म्हणून भरावयाचे पाणीही तपासावे.

पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करणे धोक्याचे असते. भूजलाच्या दाबाने तळाला तडे जातात, प्रसंगी तलावच वर उचलला जातो. दुरुस्तीसाठी उपसा अटळ असल्यास कोरडा काळ निवडावा. क्षार बेताचे असल्यास, क्लोरीन उतरल्यावर ते पाणी बागेला देता येते.